कुत्रा ‘धोकादायक’ ठरवायचा कुणी?

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद वाचनालयात एक कागद घेऊन आले. कागद कन्नडमध्ये होता. ते कन्नड उत्तम बोलतात, पण शिक्षण सगळे मराठीत झालेले; सरकारी कन्नड वाचायचे म्हटले की अडतात. बेळगावात साठी ओलांडलेल्या आपल्यापैकी अनेकांचे असेच आहे. वाचून दाखवल्यावर अर्थ लागला तो असा : तुमचा कुत्रा हिंस्र जातीचा व धोकादायक असल्याची तक्रार आहे. तो ठरलेल्या मुदतीत हलवावा, अथवा का हलवू नये याचे कारण अमुक तारखेला हजर राहून सांगावे.

तक्रार खोटी नव्हती. दारावर भाजीची बुट्टी घेऊन येणाऱ्या मावशींच्या पोटरीला कुत्र्याने खरोखरच चावा घेतला होता. पण ‘हिंस्र जातीचा’ हे काही खरे नव्हते. घरचा कुत्रा मुधोळ आणि गावठी यांची मिसळ, बारीक कमरेचा, लांब पायांचा. एवढ्या एका कागदावरून घरात तीन मते झाली. मुलगा म्हणाला, ओळखीच्या नगरसेवकाला फोन करू. सून म्हणाली, कोर्टातून स्टे आणू. आणि आजोबांनी मनाशी ठरवूनच टाकले होते की रविवारी कुत्रा गावाकडच्या मळ्यात नेऊन सोडायचा, म्हणजे कटकटच नको.

हे तिन्ही मार्ग चुकीचे होते. ते का, हे समजून घ्यायचे तर गेल्या दोन वर्षांत कुत्र्यांबाबत देशात काय काय घडले ते आधी पाहावे लागेल.

यादी आली आणि पडली

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना एक पत्र पाठवले. त्यात २३ प्रकारची कुत्री माणसाच्या जिवाला धोकादायक म्हणून सांगितली होती. त्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करावी, त्यांना परवाने देऊ नयेत, आणि जी आधीच घरोघरी पाळलेली आहेत त्यांची नसबंदी करावी, असे राज्यांना कळवण्यात आले.

यादीत पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, कॉकेशियन शेफर्ड अशी नावे होती. बारकाईने वाचणाऱ्याला तिच्यात विसंगतीही दिसत होत्या. ‘टोसा’ दोनदा आला होता. एके ठिकाणी नुसते ‘टेरियर’ असे लिहिले होते. शब्दशः घेतले तर मांडीवर मावणारी टेरियरही त्यात बसतात. शेवटी ‘बॅन डॉग’ या नावाने सर्वसाधारणपणे ओळखली जाणारी सगळीच कुत्री यादीत टाकली होती. गल्लीतल्या कुत्र्याकडे बोट दाखवून ‘हा त्यातलाच’ म्हणायला एवढे पुरे होते.

या पत्राला ठिकठिकाणी आव्हान दिले गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्चमध्ये राज्यापुरती स्थगिती दिली आणि १० एप्रिल २०२४ रोजी ते पत्र रद्दच केले. कारणे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. ज्या समितीच्या शिफारशीवरून यादी झाली ती नियमांप्रमाणे बनलेली नव्हती, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकलेच गेले नव्हते. ही कुत्री निरुपद्रवी आहेत असे न्यायालय म्हणालेले नाही. योग्य प्रक्रिया पाळून नवे पाऊल उचलण्याचा मार्ग सरकारला मोकळा ठेवला आहे.

बेळगावकरांना हा निकाल दूरचा नाही. आपलेच उच्च न्यायालय, आणि त्याचे खंडपीठ धारवाडात. त्यामुळे कर्नाटकात एखाद्या नोटिशीचा सगळा आधार त्या २३ जातींच्या यादीवरच असेल, तर तो आधार कच्चा आहे हे उत्तरात लिहिता येते.

चोर्ला घाट उतरला की चित्र बदलते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्यानंतर हिंस्र जातींवर निर्बंध घालणारे विधेयक गोवा विधानसभेने २०२५ मध्ये मंजूर केले. खात्याने पाठवलेले पत्र वेगळे आणि विधानसभेने केलेला कायदा वेगळा. पहिल्याला जे आक्षेप लागू पडले ते दुसऱ्याला तसेच्या तसे लागू पडत नाहीत. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे गोव्यात घर आहे, नातेवाईक आहेत, सुट्टीत कुत्र्याला गाडीत घालून नेण्याची सवय आहे. त्यांनी तिथला नियम तिथे विचारून घ्यावा. बेळगावचा निकाल घाटाखाली चालेल असे धरून जाऊ नये.

जातीची यादी लोकांना पटते, कारण तिच्यामागे खरे दुःख असते. २०२५ च्या मे महिन्यात अहमदाबादेत रॉटवायलरने चार महिन्यांच्या बाळाचा जीव घेतला. अशा बातमीनंतर ‘बंदी घाला’ म्हणणाऱ्याला निर्दय म्हणता येणार नाही. पण जातीची यादी वागणूक मोजत नाही. बांधलेला, शिकवलेला रॉटवायलर तिच्यात सापडतो आणि फाटक उघडे ठेवलेल्या घरचा चावरा मिश्र कुत्रा तिच्यातून सुटतो. मुधोळ तर त्या यादीत नव्हताच. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही आपल्या शेजारची जात. २००५ साली टपाल तिकिटावरही झळकली. तरीही आमच्या सभासदांच्या घरच्या मुधोळी मिसळीने चावा घेतला, हे खरेच होते.

‘आक्रमक’ म्हणजे काय?

दुसरी घडामोड भटक्या कुत्र्यांची. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला : नसबंदी व लसीकरण करून कुत्रे होते तिथेच परत सोडावे, मात्र रेबीज झालेले, तसा संशय असलेले किंवा आक्रमक वागणारे कुत्रे सोडू नये. त्याच वेळी या प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवावीत आणि परत तिथे सोडू नयेत, असेही सांगितले.

या सगळ्यात ‘आक्रमक’ हा शब्द कळीचा आहे, आणि त्याचीच व्याख्या नाही. एकदा गुरगुरलेला, पिलांची राखण करणारी कुत्री, मोटारसायकलीमागे धावणारा, आणि चौघांना चावलेला, हे सगळे एकाच शब्दात मावतात. पाळीव कुत्र्यामागे निदान नोटीस घ्यायला मालक असतो. गल्लीतल्या कुत्र्यावर असा शिक्का बसला तर त्याच्या वतीने बोलणार कोण? त्याला रोज भाकरी घालणाऱ्यांना २२ ऑगस्टच्या आदेशाने एक वाट ठेवली आहे : महापालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घ्यायचा आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी पत्करायची. लळा आहे पण जबाबदारी नको, अशांना या आदेशात जागा नाही.

आपल्या कायद्यातली वाट

आता पाळीव कुत्र्याची नोटीस. ती दोन ठिकाणांहून येऊ शकते, आणि कुठून आली यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

पहिली, महापालिकेची किंवा पंचायतीची. ती त्या संस्थेच्या कायद्याखाली किंवा उपविधींखाली येते : नोंदणी नाही, लस नाही, उपद्रव होतो, अशा स्वरूपाची. तिच्यात कोणते कलम लिहिले आहे ते पाहावे, मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे आणि प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मागावी. कलमच लिहिलेले नसेल तर कोणत्या अधिकाराखाली नोटीस दिली, हे उत्तरातच विचारावे.

दुसरी, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे बहुधा प्रांताधिकाऱ्यांच्या कार्यालयाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये सार्वजनिक उपद्रवांची यादी आहे. धोकादायक झाड, पडायला आलेली भिंत, उघडी विहीर यांच्याच रांगेत ‘धोकादायक प्राणी’ही आहे. असा प्राणी नष्ट करावा, बंदिस्त ठेवावा किंवा त्याची अन्य व्यवस्था लावावी, असा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात. जुन्या फौजदारी संहितेचे कलम १३३ ते हेच.

‘नष्ट करावा’ हा शब्द वाचून घरातल्यांचे हातपाय गळतात. म्हणून पुढचे नीट वाचावे. हा पहिला हुकूम सशर्त असतो : एक तर पाळा, नाही तर ठरल्या दिवशी हजर राहून हरकत सांगा. हजर राहून हरकत घेतली की दंडाधिकाऱ्यांना पुरावा घ्यावा लागतो. ते जागेची पाहणी करवू शकतात, तज्ज्ञाला बोलावून विचारू शकतात. कलम १५८ मध्ये तशी तरतूद आहे. पुराव्यानंतर हुकूम कायम होतो, बदलतो किंवा प्रकरण मिटते. पण तुम्ही गेलाच नाहीत तर तो कायम होतो, आणि मग न पाळणे हा वेगळा गुन्हा ठरतो. धोका अगदी डोक्यावर असेल तर चौकशी संपेपर्यंत कुत्रा बांधून ठेवण्यासारखा तात्पुरता हुकूमही निघू शकतो. तो निमूट पाळावा.

सूनबाईंच्या ‘स्टे’चे उत्तरही याच कलमात आहे. रीतसर दिलेल्या अशा हुकुमाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. तिथे दावा लावून वेळ आणि पैसा दोन्ही जातात आणि इकडची तारीख हुकते. हुकूम कायम झाल्यावर त्याविरुद्ध सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करायचा असतो, आणि त्याची मुदत ९० दिवसांची आहे. कुणालाच न ऐकता निर्णय झाला असेल तर उच्च न्यायालयाचा मार्ग उरतो. त्या टप्प्यावर वकील हवाच. पण खरी लढाई त्याआधी, पहिल्या तारखेला असते.

कारण या संहितेतही ‘धोकादायक प्राणी’ याची व्याख्या नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ‘आक्रमक’सारखाच हा शब्दही मोकळा आहे. तो भरला जातो कागदावर आलेल्या तपशिलांनी. फाइलमध्ये फक्त तक्रारदाराचा कागद असेल, तर शब्दाचा अर्थ तोच कागद ठरवतो.

फाइलमध्ये काय ठेवायचे

सर्वांत आधी नोटिशीचे लेखी भाषांतर करून घ्यावे आणि ती हाती पडल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवावी. शेजारच्या कुणी तोंडी सांगितलेल्या अर्थावर विसंबू नये. ‘सात दिवसांत हलवा’ आणि ‘सात दिवसांत म्हणणे मांडा’ यांत कुत्र्याच्या जिवाएवढे अंतर आहे.

मग लसीचे कार्ड. रेबीजची लस चाव्याच्या आधी दिलेली असणे महत्त्वाचे. नंतर घाईने टोचून घेतलेली लस अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येते. नोंदणी असेल तर तिची पावती. जनावरांच्या डॉक्टरांचा तपासणी अहवाल : कुत्र्याचे वय, प्रकृती, कुठे दुखापत आहे का, अनोळखी माणसाशी कसा वागतो. दुखणाईत कुत्रा चावतो आणि बरा झाल्यावर शांत होतो, असे पुष्कळदा घडते.

त्यानंतर प्रसंगाचा साधा नकाशा. फाटक कुठे, कुत्रा कुठे, चावा कुठे झाला, आवारात की रस्त्यावर, गळ्यात पट्टा होता का. समोरच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी विनंती करून चित्रण जपून ठेवायला सांगावे. थोड्या दिवसांत ते आपोआप पुसले जाते. आधी तक्रारी आल्या होत्या का, हेही खरे लिहावे. लपवलेली जुनी तक्रार सुनावणीत बाहेर आली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सर्वांत वजनदार असते ते आपण नंतर काय केले. आपोआप मिटणारे फाटक बसवले, बाहेर नेताना मुसकी आणि आखूड दोरी ठेवली, भाजी-दूध घ्यायच्या वेळी कुत्रा आतल्या खोलीत ठेवला. यांचे फोटो, तारखा आणि पावत्या जोडाव्यात. मग ‘कुत्रा हलवू नका’ एवढेच मागू नये. ‘या अटींवर राहू द्या’ असे लिहून द्यावे. हो किंवा नाही एवढेच पर्याय समोर असले की चावा झालेल्या प्रकरणात अधिकारी सावध पर्याय निवडतो. तिसरा पर्याय आपणच त्याच्यासमोर ठेवायचा.

जातीबद्दलची चूक मात्र अवश्य दाखवावी, तीही डॉक्टरांच्या लेखी मतासह. पण तेवढ्यावर थांबू नये. ‘आमचा कुत्रा पिटबुल नाही’ हे ‘आमचा कुत्रा चावला का?’ या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

मळा आणि फोन

आता आजोबांचा मळा. आपल्याकडे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तोच सर्वांत घातक आहे. चावलेला कुत्रा पुढचे दहा दिवस डोळ्यांसमोर असावा लागतो. दहा दिवसांनंतरही तो ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे डॉक्टर सांगू शकतात. तोच गायब झाला तर मावशींच्या डॉक्टरांना काहीच कळायला मार्ग उरत नाही. शिवाय कुत्रा हलवणे म्हणजे फाइलमध्ये आपणच लिहून दिलेली कबुली. आणि मळ्यावरच्या गड्याच्या मुलाला तो चावला तर? धोका गावाबाहेर नेला म्हणून धोका संपत नाही. तो फक्त तक्रार न करणाऱ्यांच्या दारात जातो.

नगरसेवकाच्या फोनचेही तसेच. फोनने एखादी नोटीस कपाटात पडून राहीलही. पण उद्या दुसरा चावा झाला की तीच नोटीस बाहेर येते, आणि आपण उत्तरच दिले नव्हते एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. ज्याच्याकडे ओळख आहे त्याचा कुत्रा वाचतो आणि ज्याच्याकडे नाही त्याचा जातो, अशी रीत पडली तर आपल्यासारख्या भाषिक अल्पसंख्याकांचे त्यात काही भले नाही. प्रत्येक कार्यालयात आपली ओळख असेलच असे नाही. लेखी उत्तर, पोच आणि सुनावणी यांचा आधार आपल्याला इतरांपेक्षा जास्तच लागतो.

मावशींची बाजू

या सगळ्या धावपळीत एक माणूस राहून गेले होते. सभासदांशी बोलताना तासाभराने कुणीतरी विचारले, ‘मावशी कशा आहेत?’ कुणाला माहीत नव्हते.

चावा झाल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची असते आणि त्याच दिवशी लस सुरू करायची असते. कुत्र्याला लस दिली होती म्हणून माणसाची लस लांबवायची नसते. लसीचे चार-पाच डोस महिनाभर चालतात. त्या प्रत्येक वेळी दवाखान्यात रांग असते आणि त्या दिवशीची भाजी विकायची राहते. हातावर पोट असलेल्या बाईला एका चाव्याचा हा खर्च. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण दंड जातो सरकारात. मावशींच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई त्यातून होत नाही.

त्या संध्याकाळी आजोबा आणि सूनबाई मावशींच्या गावी गेले. उपचाराचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च दिला, लसीच्या पुढच्या तारखा लिहून आणल्या आणि प्रत्येक तारखेला गाडी पाठवली. तक्रार मागे घ्या, असे म्हणाले नाहीत. तसे म्हणूही नये, कारण मग मदतीचे लाचेत रूपांतर होते. सुनावणीला मावशी स्वतः आल्या. कुत्रा मारू नका, पण फाटक लावायला सांगा, एवढेच त्या म्हणाल्या. सगळ्या कागदांत जे नव्हते ते त्या एका वाक्यात होते. शेवटचा हुकूमही जवळपास तोच निघाला : फाटक, मुसकी, दरवर्षी लसीचा दाखला, आणि पुन्हा चावा झाल्यास कुत्रा बंदिस्त जागी नेणे.

प्रत्येक प्रकरण असे मिटेल असे नाही. काही कुत्री खरोखरच धोकादायक असतात. तिसऱ्यांदा चावलेल्या, लहान मुलावर झेप घेणाऱ्या कुत्र्यासाठी हरकत लिहिण्याआधी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : आपले नातवंड शेजारच्या घरात असते तर आपण काय मागितले असते? त्याचे उत्तर हरकतीच्या विरुद्ध जात असेल, तर हरकत घेऊ नये.

पण ते ठरावे ते त्या कुत्र्याच्या वागण्यावरून, दोन्ही बाजू ऐकून, कारणे लिहून. उच्च न्यायालयाने २३ जातींची यादी रद्द करताना जे सांगितले, ते आपल्या गल्लीतल्या नोटिशीलाही लागू आहे. ऐकून घेतले जाण्याचा हक्क आपल्या कुत्र्यासाठी मागायचा, तर मावशींचेही ऐकायला हवे.

मंडळापुरती एक सूचना करतो. सरकारी कन्नड सराईतपणे वाचणारे चार-पाच तरुण सभासद आपल्यात नक्की आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी वाचनालयात बसावे आणि ज्याला जो कागद आला असेल तो वाचून, मराठीत लिहून द्यावा. कुत्र्याचाच असे नाही. घरपट्टीचा, पाण्याचा, जमिनीचा, कुठलाही. निम्म्या चुका कागद न कळल्याने होतात, आणि त्या टाळायला ना वकील लागतो ना ओळख.